बीबीसी मायक्रो : अर्धवट काम टेपवर ठेवून दुसऱ्या तासाला तिथूनच पुढं कसं न्यायचं?

अंबाजोगाईकर_मास्तर

नमस्कार मंडळी. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. शाळेच्या अडगळीच्या खोलीतून बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाचे दोन संच बाहेर काढलेत. १९८४ साली शाळांसाठी केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, पहिल्या टप्प्यात देशभरातल्या २५० शाळा होत्या, त्या काळातली ही यंत्रं. एक संच गावातल्या मेकॅनिकनं सुरू करून दिला, दुसरा अजून बंदच आहे. डिस्क ड्राइव्ह नाही. जुना टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेट आहेत.

आठवीच्या पोरांना मी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला घेतलंय. आवारात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी पोरं पाऊस मोजतात, यंत्रात भरतात, आणि महिन्याची बेरीज, सरासरी, कोरडे दिवस प्रोग्राम काढतो. आपल्याकडं पावसाचा आकडा म्हणजे घराघरातला विषय, त्यामुळं पोरं जीव लावून करतात.

अडचण अशी. तास ३५ मिनिटांचा. सेव्ह करून प्रोग्राम टेपवर जातो, दुसऱ्या दिवशी लोड होतो. पण रन म्हटलं की कालपर्यंत भरलेले सगळे आकडे शून्य. पोरं वहीतून पुन्हा सगळे आकडे टाइप करत बसतात आणि तास संपतो. शिवाय लाईटचा भरवसा नाही. जिथं थांबलो तिथून पुढं जायची काही रीत त्या काळी होती का? ज्यांनी ही यंत्रं वापरलीत त्यांनी सविस्तर सांगावं.

जालना_रेडिओवाला

सर, बाकीचं नंतर. दुसरा संच अजिबात प्लगला लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेनच्या बाजूला पिवळसर पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्या कवचाला बारीक चिरा जातात, आत ओल शिरते, आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत फाट आवाज होऊन खोलीभर धूर. यंत्र बहुतेक वेळा वाचतं, पण वर्गात पोरं असताना हे नको. पहिल्या संचाचे बदललेत का तेही मेकॅनिकला विचारा. 'एक्स २' वर्गाचे, त्याच क्षमतेचे नवे घाला, साधे चालणार नाहीत. सप्लाय उघडायचं काम जाणकारानंच करावं, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो.

गंजगोलाई

वा मास्तर, मन भरून आलं. मी लातूरला शिकलो, आमच्याकडं हीच यंत्रं होती. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं इथं जोडलेली, वर युनिकॉर्न नाव होतं.

आधी टेपची शिस्त सांगतो, कारण ती पक्की नसेल तर पुढचं सगळं वाया.

सेव्ह "पाऊस१" दिलं की यंत्र म्हणतं रेकॉर्ड दाबा, मग रिटर्न. कॅसेटच्या सुरवातीचा काही सेकंदांचा तुकडा नुसतं प्लास्टिक असतो, त्यावर काही उमटत नाही, तो आधी पुढं सरकवून घ्यायचा. प्रोग्राम २५६ बाइटच्या ब्लॉकांत जातो, प्रत्येक ब्लॉकला स्वतःचं नाव, क्रमांक आणि तपासणीचा आकडा असतो. ८ केबीच्या प्रोग्रामला साधारण दीड मिनिट धरा. हे ब्लॉक या यंत्राची मोठी सोय आहेत. लोड करताना मध्येच 'डेटा?' असा एरर आला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. टेप थोडी मागं घ्यायची, परत प्ले दाबायचं, ते बिघडलेल्या ब्लॉकपासून पुढं उचलतं.

या बेसिकमध्ये व्हेरिफाय नाही. सेव्ह झाल्यावर टेप मागं घेऊन *कॅट द्यायचं. ते सगळे ब्लॉक वाचून तपासतं आणि मेमरीतल्या प्रोग्रामला हात लावत नाही. *कॅट नीट पार पडल्याशिवाय यंत्र बंद करायचं नाही, हा आमच्या सरांचा नियम होता.

टेप जुनी असेल तर आधी *टेप३ द्या, मग सेव्ह करा. १२०० ऐवजी ३०० बॉडनं, म्हणजे संथ गतीनं, लिहितं. वेळ चौपट, पण खराब टेपवरही टिकतं. लोड करतानाही आधी *टेप३ द्यावंच लागतं. परत वेगात यायचं तर *टेप१२.

आणि एक सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा. प्रोग्रामची पहिली ओळ अशी ठेवायची (रेम म्हणजे नुसती टीप, यंत्र ती ओळ चालवत नाही):

१० रेम सेव्ह "पाऊस१"

सेव्ह करायची वेळ आली की लिस्ट १० म्हणायचं, बाणाच्या बटणांनी कर्सर 'सेव्ह' या शब्दावर न्यायचा आणि कॉपी बटण दाबून ठेवायचं. आदेश आपोआप खाली उतरतो, नाव चुकत नाही. दर वेळी ओळीतला आकडा एकानं वाढवायचा. पाऊस१ वर पाऊस२ कधी लिहायचा नाही, पुढच्या जागेवर लिहायचा. टेपजवळ एक वही: नाव, काउंटरचा आकडा, तारीख, कुणी सेव्ह केलं. आमच्या वहीत 'काउंटर ०४७ ते ०६२, *कॅट केलं' अशा नोंदी असत आणि खाली सही.

उस्मानपुरा_९०

+१. वही फार महत्त्वाची. आणि कॅसेटच्या मागच्या पट्ट्या मोडून ठेवा, म्हणजे जुन्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही.

डीबी_नांदेड

मास्तर, मी स्पेक्ट्रमवाला, तो त्याच काळातला दुसरा घरगुती संगणक. आमच्याकडं डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम होता. तुमची अडचण आम्हाला आलीच नाही, कारण स्पेक्ट्रम सेव्ह करताना प्रोग्रामसोबत सगळे व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामनं नाव देऊन साठवलेले आकडे, तेसुद्धा टेपवर लिहितो. लोड केलं की आकडे जसेच्या तसे परत. फक्त रन म्हणायचं नाही, रननं व्हेरिएबल पुसले जातात. गोटू आणि ओळ क्रमांक द्यायचा, यंत्र थेट त्या ओळीवर उडी मारतं. सेव्ह करतानाच शेवटी लाइन ५०० जोडलं तर लोड झाल्यावर स्वतःहून ५०० पासून सुरू.

याहून भारी गोष्ट म्हणजे फॉर-नेक्स्टचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या लूपचा, हिशोबही त्या व्हेरिएबलमध्येच असतो: आत्ताची किंमत, शेवटची मर्यादा, पायरी आणि परत जायची ओळ. म्हणजे लूप अर्धवट असताना थांबवलं, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी लोड करून गोटूनं आत शिरलं, तरी लूप बरोबर पुढं चालतो. फक्त गोसबची परतीची वाट टेपवर जात नाही. गोसबनं सबरूटीनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्यात, जाऊन तिथंच थांबलात तर रिटर्नला एरर येतो.

पुढं मल्टिफेस नावाचं जोड-यंत्र आलं, लाल बटण दाबलं की सगळी मेमरी जशीच्या तशी टेपवर. आज इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जे स्नॅपशॉट म्हणतात ते हेच. एसएनए फाइल ४९१७९ बाइटची असते, ४८ केबी रॅमचे ४९१५२ आणि प्रोसेसरच्या रजिस्टरचे २७.

अंबाजोगाईकर_मास्तर

जालनावाले भाऊ, लाख मोलाचं बोललात. मेकॅनिकला फोन केला, पहिल्याचे बदललेत. दुसरा तसाच ठेवलाय.

गंजगोलाई साहेब, रेमची युक्ती आजच वर्गात दाखवली. पोरांना कॉपी बटण फार आवडलं.

डीबी_नांदेड यांचं वाचून बीबीसीवर गोटू करून पाहिलं. एस्केपनं थांबवून गोटू ५०० दिलं तर आकडे शाबूत राहतात. पण एक ओळ दुरुस्त केली आणि मग गोटू दिलं तर 'नो सच व्हेरिएबल'. असं का?

पैठणची_गोदा

मास्तर, बीबीसीवर व्हेरिएबल प्रोग्रामच्या शेवटाला लागूनच वर साठतात. ओळ बदलली की प्रोग्रामची लांबी बदलते, शेवट सरकतो, म्हणून बेसिक ते सगळे व्हेरिएबल सोडून देतं. स्पेक्ट्रम मात्र त्यांना वर सरकवून घेतो. दोघांची रचनाच वेगळी आहे.

पण बीबीसीवर २७ व्हेरिएबल असे आहेत की ते प्रोग्राम बदलला तरी पुसले जात नाहीत: ए% पासून झेड% पर्यंतचे एकाक्षरी पूर्णांक आणि छपाईचा साचा ठरवणारं @%. यांची जागा पक्की ठरलेली आहे. रन, न्यू, लोड, चेन काहीही करा, ए% ते झेड% तसेच. ब्रेक बटण दाबलं तरी राहतात. एका प्रोग्राममधून चेननं (लोड करून लगेच चालवणारा आदेश) दुसऱ्यात जाताना आम्ही बेरजा यातूनच पाठवायचो. पाऊस मिलिमीटरच्या दशांशात धरा, १२.४ मिमी म्हणजे १२४, म्हणजे पूर्णांकात बसतो.

लाईट गेली तर मात्र तेही जातात, म्हणून टेपवर टाकायचे. त्यांची जागा १०२४ या पत्त्यापासून सुरू होते, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १०८. सोळाच्या पद्धतीत ४०० ते ४६सी. तेव्हा:

*सेव्ह आकडे ४०० ४६सी

आणि दुसऱ्या दिवशी आधी प्रोग्राम लोड करून मग:

*लोड आकडे

नंतर रन केलं तरी चालतं, कारण रन यांना हात लावत नाही. फक्त सुरवातीला ए%=० असली ओळ प्रोग्राममध्ये नको. जेमतेम १०८ बाइट, म्हणजे एक ब्लॉकही भरत नाही, काही सेकंदांत टेपवर जातो. तास संपायच्या घंटेपर्यंत काम करता येईल.

मी हे संभाजीनगरला कॉलेजात असताना शिकले, तेव्हा औरंगाबाद. विजेच्या लहरीपणामुळं दर थोड्या वेळानं *सेव्ह करायचं अंगवळणीच पडलं होतं.

गंजगोलाई

गोदाताई, ही ४०० ते ४६सी ची गोष्ट मला आजवर ठाऊक नव्हती. सुरेख.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर. पोराच्या हातून ब्रेक दाबला गेला आणि प्रोग्राम गेला असं वाटलं तर घाबरायचं नाही, दुसरं काही टाइप करायच्या आत ओल्ड द्यायचं. ब्रेकनं प्रोग्राम खरं तर जात नाही, सुरवातीच्या एका बाइटवर 'इथं संपलं' अशी खूण बसते. ओल्ड ती खूण काढतं. ती खूण पहिल्या ओळीच्या क्रमांकाच्या वरच्या बाइटवर बसते आणि ओल्ड तिथं शून्य ठेवतं. पहिली ओळ १० असेल तर काहीच फरक नाही. पण पहिली ओळ १००० असेल तर ओल्डनंतर ती २३२ होते. म्हणून प्रोग्राम नेहमी १० पासून सुरू करायचा.

पुण्यातून_परभणीकर

सर्वांचा आदर राखून विचारतो. बीबीसीचे इम्युलेटर आहेत: ब्राउझरमध्ये चालणारं जेएसबीब आहे, बीबएम आहे. बीबएममध्ये तर एका क्लिकवर सगळी स्थिती जपली जाते. शाळेत आज साधे पीसी असतातच. मग पोरांना टेप, *कॅट, काउंटरची वही यात का अडकवायचं? त्यांचा वेळ प्रोग्रामिंगला जावा असं मला वाटतं.

पैठणची_गोदा

दादा, प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगते. इम्युलेटर स्थिती जपतो तेव्हा मुलाला कळत नाही की नक्की काय जपलं गेलं. इथं मास्तरांच्या वर्गात पोरांनी स्वतः पाहिलं की प्रोग्राम ही एक गोष्ट आणि त्यात चालू असलेलं काम ही दुसरी, आणि पहिली टेपवर गेली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. हा फरक पुढं डेटाबेस शिकताना, मोबाईलचं ॲप लिहिताना रोज लागतो. मी नोकरीत नव्या मुलांना हेच समजावत असते. आठवीतलं पोर तो पावसाच्या आकड्यांवरून शिकत असेल तर तो वेळ प्रोग्रामिंगलाच गेला. मास्तरांनी यंत्रावरच चालू ठेवावं.

पुण्यातून_परभणीकर

पटलं ताई. मग एक उपयोगाचं सांगतो. टेपरेकॉर्डर कधीही दगा देईल, तेव्हा प्रत्येक कॅसेटचा आवाज पीसीवर डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून रेकॉर्ड करून ठेवा, ४४१०० हर्ट्झ, मोनो. एमपी३ करू नका. टेपवर शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची एक लाट आणि एक म्हणजे २४०० च्या दोन लाटा. एमपी३ च्या काटछाटीत त्या लाटांचा आकार बिघडू शकतो. तीच फाइल मोबाईलवरून वाजवली तर बीबीसी लोड करून घेतो. मोबाईल विमान मोडवर टाका, आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद.

जालना_रेडिओवाला

एक भर. एका टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर वाचली जात नसेल तर हेडचा कोन बघा. हेडशेजारी बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजवत ठेवायची, बारीक पेचकसानं स्क्रू अगदी किंचित फिरवायचा आणि कानानं ऐकायचं. आवाज जिथं सर्वांत तीक्ष्ण, चिरका लागतो तिथं कोन बरोबर. दबका, कोंडल्यासारखा आवाज म्हणजे कोन चुकलाय. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आपल्याकडच्या धुळीनं निम्मे एरर येतात.

डीबी_नांदेड

एक विचारायचं राहिलं. गोदाताईंच्या रीतीत आकडे बसले, पण पोरांची नावं, गावाचं नाव? स्ट्रिंग तर ए% मध्ये मावत नाही.

उस्मानपुरा_९०

त्याला *एक्झेक आहे. आमच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये एका सीनियरनं दाखवलं होतं. *एक्झेक टेपवरची मजकुराची फाइल अशी वाचतं की जणू कुणी कीबोर्डवर टाइप करतंय. तेव्हा प्रोग्राममध्ये एक प्रोसीजर (नाव देऊन बोलावता येणारा तुकडा) लिहायची. ती *स्पूल चालू म्हणते, मग प्रिंटनं ओळी छापते, शेवटी नुसतं *स्पूल म्हणून फाइल बंद करते. स्क्रीनवर जे छापलं ते टेपवर गेलं. छापायच्या ओळी अशा:

टी=१२४०
एन$="घाटनांदूर"
गोटू ५००

स्ट्रिंगभोवतीचं अवतरणचिन्ह छापायचं तर प्रिंटच्या आत ते दोनदा द्यावं लागतं. ॲरे (एकाच नावाची आकड्यांची यादी) असेल तर आधी त्याची जागा राखणारी डिमची ओळ छापा, मग त्याच्या किंमती.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम लोड करायचा, मग *एक्झेक चालू. व्हेरिएबल एकेक करून स्क्रीनवर भरताना दिसतात आणि शेवटच्या ओळीनं प्रोग्राम ५०० पासून सुरू होतो. क्रम उलटा करू नका, लोडनं साधे व्हेरिएबल जातात.

यासाठी रेकॉर्डरला मोटर थांबवणारी रिमोटची पिन हवी, कारण यंत्र मध्ये मध्ये टेप थांबवून घेतं. त्या वेळी आतल्या रिलेचा टक् टक् आवाज येतो. पिन नसेल तर ब्लॉक निसटतात.

आणि ५०० ही ओळ फॉर लूपच्या किंवा प्रोसीजरच्या आत नको. लूपची आठवण बीबीसी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेत, ठेवतं, बाहेरून उडी मारली तर 'नो फॉर' येतं. ५०० वर मेन्यू ठेवा.

अंबाजोगाईकर_मास्तर

मंडळी, काय बोलू? गोदाताईंची रीत वर्गात चालवली. प्रोग्राम लोड, *लोड आकडे, रन, आणि कालची बेरीज स्क्रीनवर. एका मुलीनं लगेच विचारलं, "सर, अक्षरं सव्वीस आणि महिन्याचे दिवस एकतीस, मग प्रत्येक दिवसाचा आकडा कुठं ठेवायचा?" सध्या फक्त बेरीज आणि कोरड्या दिवसांची संख्या ठेवतो, पण तिचा प्रश्न बरोबर आहे. रोजचे आकडे हवेत, नाहीतर आलेख काढता येणार नाही. *एक्झेकला रिमोटची पिन लागते, ती आमच्या रेकॉर्डरला नाही.

पैठणची_गोदा

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. यावर दोन उत्तरं आहेत.

एक, दोन दिवस एकाच व्हेरिएबलमध्ये. पहिल्या दिवसाचा आकडा गुणिले १०००० अधिक दुसऱ्या दिवसाचा. परत काढताना डिव्ह १०००० आणि मॉड १००००. ३१ दिवसांना १६ व्हेरिएबल पुरतात, १० उरतात. आठवीच्या गणिताला भागाकार-बाकीचा चांगला सराव आहे, एकदा हेही करून घ्या.

दुसरं उत्तर जास्त सरळ. मोड ७ या स्क्रीनच्या प्रकारात स्क्रीनची मेमरी सोळाच्या पद्धतीतल्या ७सी०० पासून सुरू होते आणि हायमेम, म्हणजे बेसिकच्या मेमरीची वरची हद्द, तिथंच असतं. प्रोग्रामच्या सुरवातीला, मोड ७ दिल्यानंतर, हायमेम=&७बी०० करा. मधले २५६ बाइट बेसिक वापरणार नाही, ते तुमचे. प्रत्येक आकड्याला ४ बाइट, म्हणजे ६४ आकडे मावतात. दिवस डी% चा आकडा ठेवायचा असा:

!(&७बी००+४*डी%)=आर%

वाचायचा असा:

आर%=!(&७बी००+४*डी%)

टेपवर:

*सेव्ह महिना ७बी०० ७सी००

बरोबर एक ब्लॉक, त्यामुळं टेप मध्ये थांबवायचा प्रश्न नाही आणि रिमोटची पिनही नको. ० क्रमांकाच्या जागेत कुठल्या तारखेपर्यंत भरलंय तो दिवस ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रोग्राम स्वतःच पुढची तारीख विचारेल.

काळजी दोन गोष्टींची. हायमेमची ओळ प्रोसीजरच्या आत नको आणि नंतर पुन्हा मोड बदलायचा नाही, बदलला की हायमेम जागेवर जातं. आणि ब्रेक दाबला गेला तर प्रोग्रामला ओल्ड चालेल, पण हायमेम परत वर गेलेलं असतं आणि बेसिकचा स्टॅक तिथून खाली उतरतो, त्यात वरचे काही आकडे बिघडू शकतात. तेव्हा ओल्डनंतर हायमेम=&७बी०० करून *लोड महिना करा, टेपवरचे आकडे खरे धरा.

प्रोग्रामची कॅसेट आणि आकड्यांची कॅसेट वेगळी ठेवा. आकड्यांच्या कॅसेटवर रोजचा ब्लॉक आदल्या दिवसाच्या पुढं लिहायचा, नावं म१, म२, म३ अशी तारखेप्रमाणं. आजचा वाचला गेला नाही तर कालचा घेऊन एकच आकडा वहीतून भरावा लागेल.

गंजगोलाई

मास्तर, याच साच्यात बीड, लातूर, धाराशिवच्या आणखी शाळांची पोरं पाऊस भरू शकतील. सहा-साडेसहा हजार बाइटचा प्रोग्राम असला तरी मोड ७ मध्ये टेपवाल्या यंत्रावर २८ हजार बाइट मोकळे असतात, जागेची चिंता नाही. लिस्टिंग झाली की इथं टाका, मी लातूरकडच्या यंत्रावर टाइप करून *टेप३ वर एक प्रत काढून ठेवतो.

अंबाजोगाईकर_मास्तर

टाकतो. फक्त ओळ ५०० चा मेन्यू त्याच मुलीला लिहायला दिलाय, तिचा झाला की.